सीपॅपच्या टाकीतलं पाणी: कोणतं, किती, आणि सकाळी उरलेल्याचं काय

वाघोलीतल्या एका घरी गेलो होतो. तक्रार होती की सीपॅप मशीनला, म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राला, कुबट वास येतो. हवा ओलसर करणारी त्याची पाण्याची टाकी काढून उजेडात धरली. तळाच्या पत्र्यावर पांढरा थर होता, अंघोळीच्या पाण्याच्या जुन्या पातेल्याला धरतो तसा. नख लावलं तर पापुद्रा सुटला. कडेच्या रबरी पट्टीला फिकट गुलाबी बुळबुळीत काहीतरी लागलेलं.

"काका, पाणी कोणतं घालता?"

"फिल्टरचंच. रोज बघतो, कमी झालं की भर घालतो."

"आणि टाकी रिकामी कधी करता?"

"रिकामी? मी होऊच देत नाही!"

मोठ्या अभिमानाने सांगितलं त्यांनी. घरोघरी सीपॅप मशीन बसवायचं आणि मग तक्रारी निस्तरायच्या, हे माझं काम. टाकीतलं पाणी संपू द्यायचं नाही हे बहुतेकांना पाठ असतं. कालचं पाणी ओतून द्यायचं, हे मात्र मशीन देताना कुणीतरी घाईत सांगतं आणि ते विसरलं जातं. म्हणून हा सगळा क्रम एकदा लिहून काढतोय.

हा लेख घरी वापरायच्या सीपॅप, ऑटो सीपॅप (दाब आपोआप कमीजास्त करणारं) आणि बायपॅप (श्वास घेताना जास्त, सोडताना कमी दाब देणारं) मशीनच्या गरम होणाऱ्या टाकीपुरता आहे. गळ्याला छिद्र करून नळी बसवलेल्या पेशंटला किंवा घरच्या व्हेंटिलेटरला यातलं काहीही परस्पर लागू करू नका. तिथले नियम कडक असतात आणि ते तुमचे डॉक्टर सांगतील. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत इथल्यापेक्षा वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका.

## सुरुवातीला एक फरक: क्षार वेगळे, जंतू वेगळे

टाकीखालची प्लेट पाणी कोमट करते आणि मशीनची हवा त्या पाण्यावरून वाहत मास्ककडे जाते. हवेबरोबर वाफ जाते, पाण्यात विरघळलेले क्षार टाकीतच राहतात. म्हणून "बोअरचं पाणी घातलं तर फुप्फुसात खडे होतील का?" या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. खोलीत ठेवायचे धुकं सोडणारे जे ह्युमिडिफायर असतात ते पाण्याचे बारीक थेंब उडवतात, त्यातून क्षारांची पूड हवेत येते. सीपॅपची टाकी त्या जातीची नाही.

जंतूंचं काय? तेही वाफेत चढून येत नाहीत. पण टाकी काठोकाठ भरली, मशीन कलंडलं, भरल्या टाकीसकट उचललं, की पाणी थेट नळीत जातं आणि तिथून नाकात. शिवाय आठ तास कोमट राहणारा बंद ओला डबा म्हणजे जंतूंना हवं ते सगळं एका जागी. लिजिओनेलासारखे जीवाणू नेमके अशाच कोमट पाण्यात वाढतात.

आता हे बघा:

- पाणी उकळलं तर जंतू मरतात, क्षार जवळपास तसेच राहतात.
- आरओमधून काढलं तर क्षार बरेच कमी होतात, पण जंतू नाहीत याची खात्री नसते. ते आरओ मशीनची सर्व्हिसिंग कधी झाली यावर अवलंबून.
- डिस्टिल्ड वॉटरमध्ये क्षार नसल्यासारखेच. जंतू नाहीत हे मात्र बाटली उघडेपर्यंतच. नंतर ती तुम्ही कशी ठेवता त्यावर.

"आमचं पाणी शुद्ध आहे" असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कशापासून शुद्ध?

## टप्पा १: पाणी ठरवा

पहिली पसंती डिस्टिल्ड वॉटर. औषधाच्या मोठ्या दुकानात, सर्जिकल वस्तूंच्या दुकानात किंवा ऑनलाइन सीलबंद बाटलीत नाही तर ५ लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. लेबलवर उत्पादकाचं नाव, बॅच आणि तारीख हवी.

ते नसेल तर स्टराइल वॉटर, म्हणजे निर्जंतुक पाणी. शस्त्रक्रियेत जखम धुवायला वापरतात ते, ५०० मिली किंवा १ लिटरच्या बाटलीत येतं. महाग पडतं, पण अडीनडीला उत्तम.

> इशारा: स्टराइल वॉटर मागितलं की दुकानातला मुलगा कधी कधी सलाइनची बाटली काढून देतो. बाटली सारखीच दिसते. लेबलवर 'सोडियम क्लोराइड' हे शब्द दिसले तर परत करा. त्यात दर लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. एका ताईंच्या टाकीच्या काठावर मी चक्क मिठाचे स्फटिक पाहिलेत, मिठागराच्या वाफ्यात दिसतात तसे.

तिसरा पर्याय, नाइलाज म्हणून: आरओचं पाणी, उकळून थंड केलेलं. क्रम हाच ठेवा, आधी आरओ आणि मग उकळणं. चांगलं खळखळ उकळू द्या, झाकण ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि त्याच दिवशी वापरा. घरच्या आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला किती मिलिग्रॅम) कमीजास्त करायचा एक स्क्रू किंवा व्हॉल्व्ह असतो. चव बरी लागावी म्हणून बसवणारा माणूस त्यातून थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. काही मशीनमध्ये क्षार घालणारं वेगळं कार्ट्रिजही असतं. त्यामुळे 'आरओ' या नावाखाली टीडीएस ३० पण असतो आणि १५० पण. पेनासारखं टीडीएस मीटर काही फार महाग नाही, एकदा मोजून बघा.

तपासणी: टीडीएस मीटर फक्त क्षार मोजतं. आकडा ५ आला म्हणून पाणी जंतुविरहित ठरत नाही.

आता जी पाणी लोक हौसेने किंवा काटकसर म्हणून वापरतात आणि जी वापरायची नाहीत, ती:

*बॅटरीचं पाणी.* गॅरेजमध्ये आणि पेट्रोल पंपावर 'डिस्टिल वॉटर' म्हणून मिळतं. इन्व्हर्टरसाठी घरात असतंच, म्हणून हात आधी तिकडे जातो. त्यातलं बरंचसं पाणी ऊर्ध्वपातनाने केलेलं नसतं, रसायनाच्या थरातून गाळून क्षार काढलेलं असतं. बॅटरीला तेवढं पुरतं. पण ते कुठल्या कॅनमध्ये भरलं, आधी त्या कॅनमध्ये काय होतं, हे कुणी विचारत नाही, कारण ते माणसाच्या श्वासासाठी बनवलेलंच नसतं.

*एसीचं पाणी.* याचं टीडीएस खरंच कमी येतं आणि मग इंजिनिअर मंडळी फसतात. हिंजवडीत एका तरुण पेशंटने मला मीटर लावून दाखवलं होतं. पण ते पाणी धूळ आणि बुरशी बसलेल्या कॉइलवरून ओघळून, वर्षानुवर्षं न धुतलेल्या ट्रेमधून येतं. फ्रिजच्या मागच्या ट्रेतलंही त्यातच धरा.

*पावसाचं पाणी.* कोकणात पागोळ्यांचं पाणी बॅटरीसाठी धरून ठेवायची जुनी सवय आहे. बॅटरीला घाला हवं तर. कौलावरची शेवाळ आणि पक्ष्यांची विष्ठा मशीनमध्ये नको.

*बाटलीबंद पिण्याचं पाणी.* जंतूंच्या बाजूने बरं, पण त्यात चवीसाठी क्षार ठेवलेले किंवा घातलेले असतात. प्रवासात एक-दोन रात्री चालून जाईल, रोज नको.

*नळाचं, टँकरचं, बोअरचं.* नको. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सवलत आहे. म्हणजे प्यायला चालणारं पाणीसुद्धा टाकीला चालेलच असं नाही.

पाण्यात काही घालू नका: निलगिरीचं तेल, ओवा-कापराचा अर्क, बाम, डेटॉल, गुलाबपाणी, तुळशीचा काढा. सर्दी झाली की हा मोह होतोच. तेल टाकीच्या प्लॅस्टिकला आणि रबराला खातं, आणि रात्रभर दाबाखाली ते नाकात जाणं हे पाच मिनिटांच्या वाफाऱ्यासारखं नसतं. वाफारा घ्यायचाच असेल तर झोपण्याआधी वेगळा घ्या.

### क्षारांचा साधा हिशेब

समजा रात्रीत २५० मिली पाणी उडून जातं. टँकरच्या पाण्याचा टीडीएस ७००, म्हणजे लिटरला ७०० मिलिग्रॅम क्षार. एका रात्रीचे झाले १७५ मिलिग्रॅम. पाणी ओतून न देता रोज भर घालत राहिलात तर महिन्याला सव्वापाच ग्रॅम, म्हणजे चहाचा जवळजवळ भरलेला चमचा. ८० टीडीएसच्या आरओ पाण्याने हाच आकडा महिन्याला ०.६ ग्रॅम येतो. डिस्टिल्ड असेल तर एक चिमूटही नाही.

पण रोज सकाळी उरलेलं पाणी ओतलं, तर विरघळलेले क्षार मोठ्या प्रमाणात त्याच्याबरोबर निघून जातात. टाकी पूर्ण कोरडी पडली तर मात्र सगळेच्या सगळे तळाला चिकटतात. म्हणून नियम दोन्ही बाजूंनी आहे: कोरडी पडू द्यायची नाही आणि उरलेलं ठेवायचं नाही. वाघोलीच्या काकांनी पहिला अर्धा पाळला होता.

## टप्पा २: तीन रात्रींचं मोजमाप

हे एकदाच करायचं. बाजारातल्या बहुतेक टाक्यांत ३०० ते ४०० मिली पाणी मावतं. रोज कमाल रेघेपर्यंत भरून सकाळी उरलेलं ओतलं तर महिन्याला दहा-अकरा लिटर डिस्टिल्ड वॉटर लागतं. मग खर्च डोळ्यावर येतो आणि माणूस हळूच ओतणं बंद करतो. चूक तिथे सुरू होते.

१. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा मापाचा पेला किंवा स्वयंपाकघरातला मापाचा कप घ्या.
२. रात्री टाकीत किती मिली घातलं ते लिहून ठेवा. पहिल्या रात्री कमाल रेघेपर्यंतच घाला.
३. सकाळी उरलेलं मोजा. वजाबाकी म्हणजे तुमचा रात्रीचा वापर.
४. तीन रात्री करा. तिन्हींतला मोठा आकडा घ्या, त्यात ५० मिली मिळवा.
५. तेवढं पाणी टाकीत घालून बाहेरच्या बाजूला बारीक चिकटपट्टीने खूण करा. आजपासून तुमची रेघ ही.

तपासणी: ही खूण कमाल रेघेच्या वर जाते आहे का? तर पाणी वाढवू नका, टप्पा ७ वाचा. बहुधा हवा कुठूनतरी गळते आहे.

ऋतू बदलला की मोजमाप पुन्हा करा. पावसाळ्यातली खूण डिसेंबरात पुरत नाही.

कॅन उघडला की त्यावर तारीख घाला. सावलीत, झाकण घट्ट लावून ठेवा. पाणी थेट ओता, माठात तांब्या बुडवतात तसा पेला बुडवू नका. कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत काढून ठेवणं टाळा. एकट्या माणसाला मोठा कॅन संपायला महिना लागत असेल तर छोट्या बाटल्याच बऱ्या.

## टप्पा ३: रात्री भरायचा क्रम

इथे लोक दोन गोष्टी उलट्या करतात. एक, टाकी मशीनमध्येच ठेवून वरून पाणी ओततात. दोन, मशीन सुरू करून मग आठवण होते म्हणून चालू मशीनची टाकी ओढतात. पहिल्यात पाणी मोटरकडे जातं, दुसऱ्यात गरम प्लेटला हात लागतो.

१. मशीन आधी जागेवर ठेवा. उशीच्या पातळीपेक्षा खाली, पण जमिनीवर नाही. पलंगाच्या उंचीपेक्षा थोडं बुटकं स्टूल चांगलं. मशीन खाली असलं की नळीत जमलेलं पाणी चेहऱ्याकडे न येता टाकीकडे परत जातं. गादीवर ठेवू नका, कलंडतं.
२. मशीन बंद असताना टाकी बाहेर काढा.
३. हात धुवा. टाकी ओट्यावर ठेवून आपल्या खुणेपर्यंत पाणी घाला. पाणी खोलीच्या तापमानाचं हवं. "लवकर वाफ होईल" म्हणून गरम पाणी घालणारे भेटतात. त्याने टाकीला तडे जातात आणि नळीत पाणी जमतं. फ्रिजचंही नको.
४. झाकण लावा. रबरी पट्टी खाचेत सगळीकडे बसली आहे का ते बोट फिरवून बघा.
५. टाकीचा तळ आणि मशीनची प्लेट कोरड्या कापडाने पुसा. मधे थेंब राहिला की तिथेच डाग धरतो.
६. टाकी आडवी धरूनच आत सरकवा, 'टक' आवाज येईपर्यंत.
७. आता मास्क, मग मशीन सुरू.

तपासणी: मशीन सुरू झाल्यावर टाकीच्या कडेला तळहात धरा. हवा लागते का? लागत असेल तर रबरी पट्टी बसलेली नाही. ही गळती रात्रभर पाणीही पिते आणि दाबही.

> इशारा: टाकी बसवल्यानंतर मशीन हलवायचं असेल तर आधी टाकी काढा. "इकडचं तिकडे तर ठेवायचंय" म्हणून भरल्या टाकीसकट उचललेलं मशीन मोटरमध्ये पाणी जाऊन बंद पडलेलं मी पाहिलंय. पाणी शिरल्याचं दिसलं की वॉरंटीचाही वाद होतो.

## टप्पा ४: ओलाव्याचा आकडा कुठे ठेवायचा

बहुतेक मशीनवर ओलावा कमीजास्त करायची सोय पेशंटच्या हातात असते. हवेचा दाब मात्र डॉक्टरांनी ठरवलेला असतो, त्याला हात लावायचा नाही. ओलावा तुमच्या आरामासाठी आहे.

मधल्या आकड्यावर सुरू करा. सकाळी नाक-घसा कोरडा, नाकात खपली, कधी रक्ताचा ठिपका असेल तर एकेक आकडा वाढवा. नळीत गुडगुड आवाज, मास्कमध्ये थेंब, गालावर पाणी असेल तर एकेक आकडा कमी करा. एका आकड्यावर दोन-तीन रात्री तरी थांबा. एका रात्रीत चार वेळा बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

नळीत जमणारं पाणी टाकीत जास्त पाणी घातल्यामुळे येतं, हा गैरसमज सगळीकडे आहे. गरम ओली हवा गार नळीतून जाते तेव्हा तिच्यातली वाफ थिजते, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसं. टाकी अर्धी भरली तरी ते होणारच. उपाय नळी उबदार ठेवण्याचा: एसीचा किंवा पंख्याचा झोत नळीवरून काढा, नळी पांघरुणाखालून घ्या, किंवा जुन्या मऊ चादरीची खोळ शिवून घाला. गरम होणारी नळी तुमच्या मशीनला मिळत असेल तर थंडीत पैसे वसूल होतात.

जुलैत रत्नागिरीत किंवा मुंबईत एसीशिवाय झोपणाऱ्याला ओलावा सर्वांत खालच्या आकड्यावरही पुरतो. काही जण तर बंद ठेवून निवांत झोपतात.

## टप्पा ५: सकाळ, आणि इथेच सगळं बिघडतं

१. मशीन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. प्लेट चटका देते. दात घासून या.
२. टाकी काढा, उरलेलं पाणी ओता. सगळं. डिस्टिल्ड होतं, महागाचं होतं, तरीही. तुळशीला घाला, इस्त्रीत घाला, पण उद्या रात्रीसाठी ठेवू नका.
३. थोड्या स्वच्छ पाण्याने विसळा.
४. झाकण उघडं ठेवून सावलीत, हवेशीर जागी उपडी वाळू द्या. उन्हात नको, प्लॅस्टिक पिवळं पडून तडकतं. बाथरूममध्येही नको, तिथे वाळतच नाही.
५. रात्री कोरड्या टाकीत नवीन पाणी.

"रात्री तर परत भरायचीच आहे, मग वाळवून काय उपयोग?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. टाकीच्या भिंतीवर जो चिकट पातळ थर धरतो त्याला सतत ओल लागते. दिवसाचे बारा-चौदा तास कोरडे गेले की त्याला धरायला वेळ मिळत नाही. टाकी सतत ओली राहिली की डिस्टिल्ड पाण्यातही बुळबुळ येते.

तपासणी: वाळलेल्या टाकीच्या आतून बोट फिरवा. करकरीत लागलं तर ठीक. निसटतं लागलं तर आजच धुवा, रविवारची वाट बघू नका.

## टप्पा ६: आठवड्याची धुलाई

कोमट पाणी, भांड्यांच्या सौम्य लिक्विड साबणाचे दोन थेंब, मऊ कापड किंवा स्पंज. रबरी पट्टी सुटी होत असेल तर काढून तिची खाच पुसा, गुलाबी थर तिथेच लपतो. नळी आणि मास्कही याच वेळी धुवा. साबणाचा वास जाईपर्यंत खळबळून घ्या. ही शेवटची विसळणी नळाच्या पाण्याने चालेल, टाकी नंतर वाळणारच आहे.

पांढरा थर असेल तर स्वयंपाकाचं पांढरं व्हिनेगर, एक भाग व्हिनेगरला नऊ-दहा भाग पाणी असं करून टाकीत घाला. अर्धा तास ठेवा, ओता, भरपूर पाण्याने धुवा. पुस्तिकेत वेगळं प्रमाण असेल तर ते धरा. टाकी मशीनमध्ये बसवून हे करायचं नाही, आणि व्हिनेगर आत असताना मशीन चालवायचं तर नाहीच. थर खूप जाड असेल तर दोन-तीन वेळा करा, खरवडू नका.

न करायच्या गोष्टी: तारेची घासणी, राख, टॉयलेट क्लीनर, ब्लीच, उकळतं पाणी. घासणीच्या चऱ्यांत जंतूंना घर मिळतं. ओझोन सोडून 'एका बटनात निर्जंतुक' करणारी यंत्रं ऑनलाइन मिळतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये अशा ओझोनच्या आणि अतिनील किरणांच्या यंत्रांबद्दल सावध केलं होतं. ओझोन छातीला त्रास देतो, मशीनच्या आतल्या भागांनाही. साबण-पाण्याला ती पर्याय नाहीत.

धुताना उजेडात धरून बघा: तडा, ढगाळ झालेलं प्लॅस्टिक, तळाच्या पत्र्याला पडलेले खड्डे, सैल पट्टी. यातलं काही दिसलं की टाकी बदला. नाही दिसलं तरी सहा महिन्यांनी बदलायचा विचार करा, बऱ्याच कंपन्या तेवढीच मुदत धरतात. मागचा हवेचा फिल्टर याच वेळी बघून घ्या. तो राखाडी झाला असेल तर पाण्यावर केलेला खर्च अर्धा वाया जातोय.

## टप्पा ७: पाणी पहाटेच संपतं, किंवा संपतच नाही

टाकीत रोज किती पाणी कमी होतं हा मशीनबरोबर फुकट मिळालेला मीटर आहे. तो वाचायला शिका.

मास्कला बारीक छिद्रं असतात, तुम्ही सोडलेली हवा बाहेर जावी म्हणून. साधारण १० सेंटिमीटर (पाण्याच्या उंचीत मोजलेल्या) दाबाला त्यातून मिनिटाला ३५ लिटरच्या आसपास हवा जाते. सात तासांत ती जवळजवळ १५ घनमीटर होते. २४ अंशांवर ठेवलेल्या एसीच्या खोलीत, निम्मी आर्द्रता धरली तर, एका घनमीटर हवेत ११ ग्रॅम बाष्प असतं. मशीनने ते २५-२६ पर्यंत नेलं तर दर घनमीटरला १५ ग्रॅम पाणी लागलं. १५ गुणिले १५, म्हणजे सव्वादोनशे मिली. हा झाला नेहमीचा वापर.

आता मास्क नीट बसलेला नाही आणि मिनिटाला आणखी २० लिटर हवा कडेने निसटते आहे. ३५ चे ५५ झाले. पाणी लागलं साडेतीनशेच्या घरात. टाकी पहाटे चारला कोरडी, घसा सुकला, तुम्ही जागे. आणि सकाळी काय करता? ओलावा आणखी दोन आकडे वाढवता. म्हणजे उद्या टाकी तीनलाच संपणार.

म्हणून पाणी लवकर संपत असेल तर क्रम असा:

१. टाकीची रबरी पट्टी आणि नळीची दोन्ही टोकं तपासा.
२. मशीनच्या स्क्रीनवर किंवा ॲपमध्ये गळतीचा आकडा बघा.
३. मास्कची गादी धुवा. चेहऱ्याच्या तेलाने ती घसरते. पट्टे झोपलेल्या स्थितीत, मशीन चालू ठेवून बसवा, आरशासमोर बसून नाही.
४. नाकाचा मास्क आहे आणि तोंड कोरडं पडतं? मग झोपेत तोंड उघडतंय. ओलाव्याने ते मिटणार नाही. हनुवटीचा पट्टा किंवा तोंड-नाक झाकणारा मास्क, याबद्दल डॉक्टरांशी बोला.
५. हे सगळं ठीक असेल, तरच हवा कोरडी म्हणून पाणी लागतंय असं समजा. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात आणि विदर्भाच्या मे महिन्यात ते खरंच लागतं. नागपूरला कूलर लावून झोपणाऱ्यांचं उलट कमी लागतं, कूलर खोलीत ओल घालतोच.

पाणी अजिबात कमी होत नसेल तर? पावसाळा असेल तर बिनघोर राहा. एरवी ओलावा चुकून बंद झालाय का ते बघा. आकडा वर असूनही सकाळी टाकी गार लागत असेल तर प्लेट गेली. ती घरी उघडू नका.

> इशारा: ताप, न हटणारा खोकला, सायनसचं दुखणं, पुन्हा पुन्हा नाकातून रक्त येणं, हे पाण्याचा ब्रँड बदलून बघायचे विषय नाहीत. डॉक्टरांना दाखवा आणि जाताना टाकी कशी वापरता तेही सांगा. केमोथेरपी चालू असलेल्यांनी, अवयव बदललेल्यांनी आणि जुना फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी आरओचा तिसरा पर्याय विसरावा.

## टप्पा ८: लाइट गेली तर, आणि प्रवासात

मशीनमध्ये सर्वांत जास्त वीज मोटर नाही, पाणी तापवणारी प्लेट आणि गरम नळी खाते. इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीवर रात्र काढायची असेल तर या दोन्ही बंद करा, टाकीत पाणी राहू द्या. न तापवलेल्या पाण्यावरून गेलेली हवाही थोडी ओल घेतेच. गावाला भारनियमन असेल तर हे झोपण्याआधीच करून ठेवा, रात्री दोनला अंधारात बटन सापडत नाही.

प्रवासाला निघताना टाकी रिकामी, पुसलेली, कोरडी. बॅगेत मशीन उभं-आडवं होणारच. विमानात मशीन सामानात न देता हातात घ्या. जिथे उतरणार तिथे डिस्टिल्ड वॉटर मिळेल असं गृहीत धरू नका, दोन रात्रींचं अर्धा-अर्धा लिटर सीलबंद न्या.

आणि लग्नघरी किंवा पाहुण्यांकडे उतरलात तर टाकी स्वतः धुवा. एका पेशंटच्या वहिनींनी प्रेमाने टाकी घासून दिली होती, तारेच्या घासणीने, चिंच लावून, तांब्याच्या भांड्यासारखी लख्ख. नवीन टाकी घ्यावी लागली.